गिऱ्हाइकापुरतं हसू

धुकं उतरलं आणि डेन्मार्क गेला. एरवी दुकानाच्या दारात उभं राहिलं की पाण्यापलीकडची तिथली छपरंसुद्धा दिसतात. त्या आठवड्यात पाणीच दिसेना. नुसता बोटीचा भोंगा ऐकू यायचा, कुणी झोपेत हाक मारावी तसा. बर्फावर मासे मांडताना माझेच हात मला लांबचे वाटायचे.

आणि माझा कॉड खपेना.

त्याचं असं आहे, आमच्या भाषेत कॉड माशाला तोर्स्क म्हणतात. आणि पैसे मोजून बाईकडे जाणाऱ्या पुरुषालाही तोर्स्कच म्हणतात. गळाला लागतो म्हणून असेल, देव जाणे. माझा नवरा रोलान्द हेल्सिंगबोरी शहरात अशाच एका बाईच्या खोलीत पोलिसांना सापडला. दंड झाला. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? छे! हा बाबा बंदरावरच्या वाफेच्या स्नानगृहात उघडाबंब बसून, गावातल्या समस्त पुरुषांपुढे कायदा कसा मूर्ख आहे ते सांगत बसला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. तेव्हापासून माझ्या दुकानात ‘तोर्स्क’ म्हणायची कुणाची छाती होईना.

“गुन्नेल, जरा तो... तो पांढरा दे,” शेजारची सोल्वेय छताकडे बघत म्हणाली.

“कुठला पांढरा? निम्मे मासे पांढरेच आहेत.”

“अगं तो... जाऊ दे. हेरिंगच दे.”

“नाव घेतलंस म्हणून चावणार नाही तो, सोल्वेय. मेलाय.”

ती लालेलाल झाली आणि हेरिंग घेऊन धुक्यात विरून गेली. मला हसूही आलं आणि रडूही.

तिच्यामागून एव्हर्ट आला. या माणसाचा मला मनापासून वैताग. प्रत्येक मासा बोटानं दाबून बघणार, नाक मुरडणार आणि शेवटी सगळ्यात लहान घेणार. तरी पुडी देताना मी म्हटलंच, “धन्यवाद, पुन्हा या.” आणि गोड हसले. पूर्वी हे ऐकून रोलान्द मागच्या खोलीत पोट धरून हसायचा. म्हणायचा, “काय लाघवी हसतेस गं! मनात कुठली शिवी होती?”

आता रोलान्द मागच्या खोलीत नव्हता. त्याला मी घराबाहेर काढलं होतं. किनाऱ्यावर आमचं जाळी ठेवायचं खोपट आहे, तिथे तो झोपायचा. रोज सकाळी धुक्यानं भिजलेला यायचा आणि दारातून विचारायचा, “घरी येऊ का?” मी उत्तर द्यायच्या आत त्याची वकिली सुरू.

“मी काय जबरदस्ती केली का गं? तिनं स्वतः हो म्हटलं. हसून म्हटलं! मी नीट नाव विचारलं, कशी आहेस विचारलं. आणि पोलिस आले तर तिला खुर्ची, तिला पाणी, तिला ‘काही मदत हवी का?’ दंड कुणाला? मला! विकणारी मोकळी आणि घेणारा गुन्हेगार, असं कुठे असतं का? पलीकडे डेन्मार्कात कुणी विचारतही नाही. एवढंसं पाणी मधे!”

“मग जा पोहत,” मी म्हणायचे.

पण खरं सांगू? उत्तर माझ्याकडेही नव्हतं. तो मला फसवून गेला याचा राग होता, भयंकर होता. पण राग म्हणजे कायदा नव्हे. आणि आपण काय केलं हेच ज्याला कळत नाही, त्याच्या शेजारी मी झोपायचं तरी कसं? तो नुसता माफी मागून आला असता तर मी दार उघडलं नसतं. आणि त्याला कधी कळलंच नसतं, तर आमचं लग्न त्या खोपटातच कुजलं असतं. मला ते नको होतं. मला माझा नवरा हवा होता.

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला, आणि धुकं दुकानात आलं.

बर्फावर मीच निजले होते. उघडी. छातीवर किमतीची पाटी. एकेक जण धुक्यातून यायचा, टोपी काढायचा, किती अदबीनं विचारायचा, “कशी आहेस?” आणि उत्तराला न थांबता खिशात हात घालायचा. कुणी वाईट नव्हतं. सगळे सभ्य होते. शेवटी रोलान्द आला. मला त्याला सांगायचं होतं, अरे, थंडी वाजतेय रे, उचल मला. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, “धन्यवाद, पुन्हा या.”

जागी झाले तर गाल ओले होते. असलं स्वप्न सांगणार तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी शनिवार, दुकानात चारजण, त्यांत सोल्वेय आणि एव्हर्टही. दार वाजलं आणि रोलान्द आत आला. या वेळी काही विचारलं नाही, सरळ एव्हर्टच्या पुढे रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली.

“एक तोर्स्क,” तो मोठ्यानं म्हणाला.

सोल्वेयनं श्वास रोखला. त्याला वाटलं असेल, गावासमोर स्वतःचं नाव घेतलं की मी पाघळेन. मी मासा तोलला, बांधला. त्यानं पैसे ठेवले, मी उचलले. आणि शपथेवर सांगते, ते आपोआप झालं. “धन्यवाद, पुन्हा या,” मी म्हटलं आणि हसले.

पुडीकडे गेलेला त्याचा हात तिथेच थांबला.

“गुन्नेल, हे हसू...”

“कुठलं?”

“एव्हर्टसाठीचं.”

“माझं काय?” एव्हर्ट मागून म्हणाला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

रोलान्दचा चेहरा पांढराफटक पडला होता. “ती अशीच हसली होती. आधी मी पैसे ठेवले. मग हसली. मला वाटलं, मला बघून...” त्यानं आपल्या तळहाताकडे बघितलं. “हात गार होते तिचे. बर्फासारखे. मी विचारलं कशी आहेस, आणि उत्तराला थांबलोच नाही.”

माझ्या अंगावर काटा आला.

“तिला ‘नको’ म्हणता येऊ नये, त्याचेच पैसे दिलेस तू,” मी म्हटलं. कुठून सुचलं कोण जाणे. “म्हणून खुर्ची तिला आणि दंड तुला.”

त्यानं मान हलवली. डेन्मार्कचं नाव काढलं नाही. ‘घरी येऊ का’ म्हणालाही नाही. पुडी काउंटरवरच राहिली आणि तो पुढच्या दाराकडे, धुक्याकडे वळला. पाठ एकदम म्हातारी दिसत होती.

“रोलान्द! पुढच्या दारानं गिऱ्हाइकं जातात. तू मागून ये. चुलीवर कॉफी आहे.” तो वळून बघायला लागला तशी मी बोट दाखवलं. “फक्त कॉफी म्हटलंय हं.”

तो मान खाली घालून मागच्या खोलीत गेला. कपाचा आवाज आला. सोल्वेयनं घसा खाकरला.

“मलाही एक तोर्स्क दे,” ती माझ्याकडे बघत म्हणाली.

मी तोलून, बांधून दिला. हसले नाही. तिनं माझा हात जरा वेळ धरला आणि गेली.