पाठीमागून येणारा आवाज

त्या रविवारी सकाळी माझ्या दादाच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर माणसं, सोफ्याच्या हातांवर माणसं, दारात चपलांचा ढीग. भिंतीला मात्र कोणी टेकायचं नाही अशी सक्त ताकीद होती, कारण चारही कोपऱ्यांत दादाचे स्पीकर उभे होते. खोलीच्या मधोमध एकच खुर्ची आणि त्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका, डोळे मिटून, पदराचं टोक मुठीत आवळून. त्यांना सगळे बाई म्हणत.

"मान हलवायची नाही," गेलेल्या माणसांचे आवाज ऐकवणारे नादगुरू म्हणाले. "आपली हालचाल पलीकडच्यांना सोसत नाही."

त्यांनी खिशातून एक कॅसेट काढली आणि आधी एकाच स्पीकरच्या छोट्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. बासरी वाजू लागली.

"काय ऐकू येतंय?"

"बासरी," दहाबारा आवाज.

"आणखी काही?"

"नाही."

"नाहीच येणार! हे बाजारू यंत्र. याच्यापाशी ना श्रद्धा, ना दिशा."

मग तीच कॅसेट दादाच्या डेकमध्ये गेली. चहूबाजूंनी आवाज सोडणारी सराउंडची सगळी यंत्रणा चालू झाली. समोरून तीच बासरी आली आणि थोड्या वेळाने बाईंच्या पाठीमागून एक तरुण आवाज आला. "आई, काळजी करू नकोस. पाय बरा होईल. औषध नको."

बाईंच्या तोंडून हुंदका फुटला. त्यांचा मुलगा अपघातात गेला होता. मागे स्पीकर आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. त्याचं कोणाला नवल नव्हतं. नवल हे, की घटकाभरापूर्वी याच फितीवर तो आवाज नव्हता!

"चुंबकाला स्मृती असते," नादगुरू सांगत होते. "फितीवर माणसाचं कंपन चिकटून राहतं. मी ते मोकळं करतो. विज्ञान आत्ता कुठे इथवर पोचतंय."

विज्ञान बिचारं धापा टाकत यांच्या मागून येत असावं.

मी कोपऱ्यात उभी होते. माझं काम लोकांचे कान तपासायचं. बंद खोलीत माणसाला बसवायचं, बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि कोणता ऐकू येतो, कोणता नाही, ते पाहायचं. त्या सवयीने मला एक गोष्ट खटकली. छोट्या टेपरेकॉर्डरवर बासरी चालू असताना तिच्याखाली काहीतरी सळसळत होतं. शब्द नव्हते. नुसते 'स', 'श', 'च' यांचे पुसट सुसकारे. कोणीतरी खूप दूर कुजबुजावं तसे.

"ती कॅसेट पुन्हा लावाल का? छोट्या यंत्रावर?" मी विचारलं.

नादगुरू हसले. "ताई, शंका हासुद्धा एक नादच आहे. फक्त बेसूर."

सगळे हसले. दादाही हसला, आणि मला वाईट वाटलं ते त्याचं.

दादाचा आणि आवाजाचा संबंध सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याने आयुष्यभर दुसरा शौक केला नाही. स्पूलवरच्या फिती, तबकड्या, कॅसेटी, मग सराउंड; घरात कपाटं कमी आणि खोकी जास्त. नवा माईक आला की तो वहिनीपुढे धरायचा. "बोल काहीतरी." ती वैतागून म्हणायची, "अहो, काय बोलू? दूध उतू चाललंय." तेही रेकॉर्ड व्हायचं. असा तिचा पंचवीस वर्षांचा आवाज त्याच्या कपाटात होता. ती गेली आणि त्याने कपाटाला हात लावणं सोडलं. फितींना बुरशी लागली.

नादगुरू आले ते बुरशी काढणारे म्हणून. दादाच्या शौकीन मित्रांपैकी कोणीतरी त्यांना आणलं. त्यांनी सगळ्यांच्या, अगदी बाईंच्यासुद्धा, घरच्या आवाजांच्या जुन्या कॅसेटी साफ करायला घरी नेल्या, आणि परत दिल्या त्या चमत्कारासकट.

दादाच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अडल्या होत्या. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती. ती त्याने रद्द केली.

"का?" मी विचारलं होतं.

"ती नको म्हणते."

पाठीमागून वहिनीचा आवाज आला होता म्हणे: "अहो, तिकडे जाऊ नका. इथेच बसा. मी आहे ना." त्यावर नादगुरूंचा उपाय तयार. मोठ्या स्पीकरसमोर छाती धरून बसायचं, खोल घुमणारा खर्ज छातीवर घ्यायचा, अडलेल्या वाटा आपोआप उघडतात. बाईंच्या मधुमेहाने चिघळलेल्या पायावरही हाच इलाज. आणि हे सगळं करायला नादगुरूंचं स्वतःचं उपचार केंद्र हवं, त्यासाठी प्रत्येकाने आपलं एखादं चांगलं यंत्र अर्पण करायचं. दादाचं स्पूल यंत्र आधीच गेलं होतं.

"दादा, तू इंजिनिअर आहेस," मी म्हटलं होतं.

"म्हणूनच सांगतो. मी स्वतः ऐकलंय."

कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या भावाने ती चार बोटं बुजवून टाकली होती.

मी भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, फोन केला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. "आत्या, तू माझ्या बाबांना मूर्ख म्हणतेस का?" ती आधी चिडली. पण पुढच्या रविवारी सकाळी दारात उभी राहिली.

त्या दिवशी खुर्चीत दादा होता. तोंडावर सूज आली होती. जिना चढून आलेल्या माणसासारखा बसल्या जागी धापा टाकत होता. छोट्या यंत्रावर बासरी झाली. मग डेकवर कॅसेट लागली आणि पाठीमागून वहिनी बोलली. "अहो, तिकडे जाऊ नका."

भाचीचा चेहरा पांढरा पडला. आईचा आवाज तिने दोन वर्षांनी ऐकला होता. मला वाटलं, ही पण गेली आता.

मी उठले आणि डेकच्या मागून जाणाऱ्या दोन तारांपैकी एक उपटली.

वहिनीचा आवाज पाठीमागून नाहीसा झाला आणि समोरच्या डाव्या स्पीकरमधून, बासरीच्या शेजारी येऊन बोलू लागला. तार खोचली, आवाज मागे. उपटली, पुढे.

"अहो, हात काढा!" नादगुरू ओरडले. "पलीकडच्यांना यातना होतात!"

"पलीकडच्यांना की तुम्हाला?"

"लहरींचा मार्ग तोडलात तर जो येईल तो तिचा आत्मा नसेल, नुसतं प्रेत असेल!"

एकदोघांनी मला खाली बसायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "ज्यांचं कोणी गेलं नाही त्यांना काय कळणार?"

"माझी वहिनी गेली, बाई," मी म्हटलं. "आणि आता माझा भाऊ चाललाय."

मी लोकांकडे वळले. "या फितीवर दोन पट्टे आहेत, डावा आणि उजवा. बासरी दोन्हींवर सारखीच भरली आहे. आवाजही दोन्हींवर भरलाय, पण एकावर सुलटा आणि दुसऱ्यावर उलटा. छोट्या यंत्रात दोन्ही पट्टे एकत्र होतात. एकाने दार ढकललं आणि त्याच वेळी दुसऱ्याने तेवढ्याच जोराने पलीकडून ढकललं, तर दार हलत नाही. तसा तो आवाज आपणच आपल्याला मारतो. बासरीला मात्र दोघं एकाच बाजूने ढकलतात, म्हणून ती वाजते. फक्त 'स', 'श' असे बारीक आवाज नीट मरत नाहीत. तेच मी मागच्या रविवारी बाईंच्या कॅसेटवर ऐकले."

"आणि मागून कसा येतो?" कोणीतरी विचारलं.

उत्तर मी दिलं नाही. दादाने दिलं.

"सराउंडचं काम तेच आहे," तो हळू म्हणाला. "जे डाव्याउजव्यात उलटसुलट असेल ते मागच्या स्पीकरला पाठवायचं. चित्रपटातलं विमान डोक्यावरून मागे जातं ते असंच."

तो खुर्चीतून उठला. भाची धावली, त्याने हातानेच तिला थांबवलं. सराउंड बंद केला, गुडघ्यावर बसला आणि समोरच्या दोन्ही स्पीकरच्या तारा अँप्लिफायरच्या मागून सोडवल्या. मग एकाच स्पीकरची एक तार डाव्या बाजूच्या लाल खुंटीला जोडली, दुसरी उजव्या बाजूच्या लाल खुंटीला.

"आता याला फक्त दोन्हींतला फरक ऐकू येईल," तो म्हणाला. "जे सारखं आहे ते गळून पडेल."

कॅसेट सुरू झाली. बासरी नव्हतीच. उरला नुसता वहिनीचा आवाज, उघडा, आडोसा नसलेला.

"अहो, तिकडे जाऊ नका." या शब्दांच्या मागे बादलीची कडी खणखणली. "इथेच बसा." इथे बादली नव्हती, कुठलासा पंखा घरघरत होता. "मी आहे ना." पंखा तुटला, मागे पावसासारखी खरखर. एकेका वाक्याची खोली वेगळी, वर्ष वेगळं. ध चा मा नुसता केला नव्हता, बेमालूम जोडला होता, आणि जोड झाकायला वर बासरी पांघरली होती.

"बाबा, ही फरशीवाली," भाची म्हणाली. "मी शाळेत होते. आई फरशी पुसत होती आणि तुम्ही माईक घेऊन मध्येच आलात. 'अहो, तिकडे जाऊ नका, ओलं आहे, पडाल.' ती ते म्हणत होती, बाबा! दवाखान्याचं नाही!"

दादा फरशीवरच बसून राहिला.

नादगुरूंनी कॅसेटसाठी डेककडे हात नेला. भाचीने डेकवर पंजा ठेवला. "ही राहू दे. आणि बाबांचं स्पूल आजच्या आज परत पाहिजे." ते काहीतरी नास्तिकांबद्दल पुटपुटले, पायात चपला कोंबल्या आणि निघाले. निम्मी माणसं मान खाली घालून उठली. काही मात्र त्यांच्या मागोमाग गेली आणि त्यांत बाई होत्या. लंगडत चालल्या होत्या. मी जिन्यापर्यंत गेले.

"बाई, तुमची कॅसेट घेऊन या. आपण तपासू."

"माझ्या घरात तारा उपटायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "मला नको तुमचं खरं."

घर रिकामं झाल्यावर मी दादाला उठवलं.

"हे जोडायचं तुला कधीपासून माहीत होतं?"

"कॉलेजात असल्यापासून."

"मग पहिल्याच दिवशी का नाही जोडलंस?"

"जोडलं असतं तर ती गेली असती ना."

मी त्याचा हात धरला. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "डॉक्टरांना फोन लाव."

शस्त्रक्रिया झाली, पण वेळ गेला होता. हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर राहिला. आता तो जिना चढत नाही, स्पीकर उचलत नाही. आमच्यावर तो रागावत नाही, पण माझ्याशी बोलताना पूर्वीसारखा नजरेला नजरही देत नाही. खरं सांगणाऱ्याचं कोणी औक्षण करत नाही.

नादगुरू दुसऱ्या वस्तीत गेले. तिथेही दिवाणखाने आहेत, आणि गेलेली माणसं कोणाची नाहीत?

बाईंची बातमी मला इस्पितळात कळली. पाय गुडघ्याखालून कापावा लागला होता. मी भेटायला गेले. त्या खिडकीकडे पाहत होत्या.

"एक सांगाल?" त्यांनी विचारलं. "तो आवाज माझ्या मुलाचाच होता ना?"

"हो, बाई. आवाज त्याचाच होता."

"मग तो मला औषध नको असं कसं सांगेल?"

"त्याने नाही सांगितलं, बाई. तो आजारी असताना तुम्ही त्याला औषध पाजत होतात का?"

त्यांचा चेहरा पिळवटला. "एवढा मोठा झाला तरी कडू लागायचं त्याला," त्या म्हणाल्या. "तोंड फिरवायचा."

त्या खूप वेळ रडल्या. मी बसून राहिले.

लोक म्हणतात, दुःखी माणसाच्या श्रद्धेला हात लावू नये. मी म्हणते, दुःखी माणसालाच आधी सावध करावं, कारण ठगांचं गिऱ्हाईक तेच असतं. गेलेल्या माणसाचा आवाज जरूर जपा, ऐका, रडा. पण तो आवाज औषध बंद करा, डॉक्टरकडे जाऊ नका असं सांगू लागला, तर थांबा आणि विचारा: हे बोलतंय कोण? ज्या चमत्काराला मान वळवलेली चालत नाही, तार काढलेली चालत नाही, प्रश्न विचारलेला चालत नाही, तो चमत्कार नव्हे. आणि प्रश्न विचारायचाच असेल तर पाय शाबूत आहे तोवर विचारा.