नुसते ओठ हलवा

डिसेंबर उजाडला की मास्तरीण स्वतःच्या घरात पाहुणीसारखी वावरायची. दिवसा शाळेत गणित, संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदाची तालीम, आणि चूक दोन्हीकडे तिला सारखीच झोंबायची. गायकांचे गाऊन धुऊन आले का, मेणबत्त्या कुणी आणायच्या, पाळकसाहेबांचा पुन्हा फोन... नवरा म्हणायचा, "येशूबाळ हिची परवानगी घेऊनच जन्माला येतं." यंदा तर नाताळची उपासना रेडिओवरून थेट ऐकवली जाणार होती. मग काय विचारता! घरात तिच्याशी बोलायचं तर रांग लावावी लागत होती.

अडचण एकच होती, आणि ती तिच्याच घरात राहत होती.

तिचे बाबा. हाताने सुतार आणि गळ्याने खर्जातले. तिच्या जन्माच्या आधीपासून ते मागच्या रांगेत कडेला उभं राहून गात आले होते. पण अलीकडे कान गेले. मशीन आणून दिलं, तर "कानात भुंगा सोडलाय नुसता" म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. त्यामुळे गाणं अर्धी मात्रा मागे पडायचं, तेही दणदणीत आवाजात. सगळे थांबले तरी बाबांचा "प्रभू" एकटाच रमतगमत मागून यायचा. तालमीत लोक हसून सोडून द्यायचे. पण या वेळी ऑर्गन वाजवणाऱ्याने तिला बाजूला घेतलं. "आमचं काही नाही हो, पण रेडिओ आहे."

त्या संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात बसून नाताळसाठी बुटांना पॉलिश करत होते. ती त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, यंदा एक करा. गाऊन घाला, सगळ्यांबरोबर उभे राहा. पण गाऊ नका. नुसते ओठ हलवा."

ते तिच्याकडे बघत राहिले. ऐकू गेलं नसेल म्हणून ती पुन्हा सांगायला लागली, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"ऐकलं गं. फार वाईट होतं का?"

"वाईट नाही हो. मागे राहतं जरा."

"कधीपासून?"

"यंदाच," ती धडधडीत खोटं बोलली.

"बरं," ते म्हणाले, आणि पॉलिश झालेला बूट पुन्हा घासायला लागले. तिने तो बूट घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात खुर्च्यांसाठी पाळकसाहेबांचा फोन आला, आणि ते तिथेच राहिलं.

उपासना कुठेही खोट न काढता येण्यासारखी झाली. बाबांची नजर सबंध वेळ ताल देणाऱ्या तिच्या हातावर होती, आणि त्यांचे ओठ अगदी मात्रेवर हलत होते. शेवटच्या गीताचा शेवटचा सूर तिने मूठ मिटून थांबवला, आणि तिच्याही नकळत ती जरा थांबून राहिली. मागून बाबांचा सूर आला नाही. मग लोक उठले, हात हातात घेतले गेले, ऑर्गनवाला डोळे पुसत म्हणाला, "जिंकलंत!"

घरी जेवणाआधीची प्रार्थना बाबांची. ते देवाला सगळ्यांची नावं घेऊन सांगायचे, शेजाऱ्यांचं दुखणं-खुपणं सांगायचे, आणि तोवर जेवण गार व्हायचं. मास्तरणीने स्वतः मनापासून प्रार्थना कधी केली होती, ते तिलाही आठवलं नसतं. बाबा करतात म्हणजे घराची झाली, असं तिने आपलं धरून ठेवलं होतं. म्हणूनच तर ती बिनघोर खुर्च्या मोजत फिरू शकायची.

सगळ्यांनी डोळे मिटले. कुणाचाच आवाज येईना. बराच वेळ गेला, तशी तिची धाकटी कुजबुजली, "आई, आमेन कधी म्हणायचं?"

मास्तरणीने डोळे उघडले. बाबांची मान खाली होती, हात जोडलेले होते, आणि ओठ हलत होते.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "मोठ्याने म्हणा ना."

"म्हणतोय की. त्याला ऐकू जातं. तुम्हाला उगाच त्रास नको."

ते रुसले नव्हते, हेच तर वाईट होतं. रुसले असते तर तिने हातापाया पडून मनवलं असतं. त्यांनी तिचं म्हणणं फक्त खरं मानलं होतं. तिला रडू आवरेना. नवरा, पोरगी, कुणाचीही पर्वा न करता तिने त्यांचा दंड धरला.

"चुकलं माझं, बाबा. म्हणा. आमच्यासाठी म्हणा."

तिला रडताना बघून ते गांगरले. त्यांनी घसा खाकरला. "हे आमच्या बापा..." त्यांनी हलकेच सुरुवात केली, आणि ते अडखळले. त्यांचे डोळे टेबलावरच्या तिच्या हाताकडे गेले, आणि तो हात कधी हलतोय याची वाट बघत तिथेच थांबले.

"बरोबर आहे ना गं?" त्यांनी विचारलं. "मागे तर नाही ना राहिलो?"