मनकर्णाबाईचा भासरा

मनकर्णाबाई चुलीत काडी सरकवत होती, तोच सफारीच्या जिप्सीतून उतरलेल्या एका बाईने येऊन तिचे राखेने भरलेले दोन्ही हात धरले आणि ती रडू लागली.

"मी आत्ताच पाहिलं हो," बाई म्हणाली. "यातून तुम्ही कशा उभ्या राहिलात?"

मनकर्णाबाईला आधी काही उमगलं नाही. नऊ दिवसांत तिच्या चहाच्या दुकानापुढे थांबलेली ही पहिली गाडी. तिने स्टिअरिंगवर बसलेल्या धर्मेंद्रकडे, आपल्या पुतण्याकडे पाहिलं. त्याने हनुवटीनेच जंगलाच्या फाटकापलीकडच्या लाल कौलांकडे खूण केली. मग तिच्या ध्यानात आलं. बाई सिनेमा पाहून आली होती.

पर्यटक केंद्र दिवाळीनंतर उघडलं. सरकारच्या पैशातून उभं राहिलेलं. आत गारवा, काचेच्या कपाटांत मध, चारोळी, मोहाचे लाडू, वाघाच्या टोप्या. आणि एका अंधाऱ्या खोलीत मोठा पडदा. त्या पडद्यावर तासातासाला देवाजी मरायचा.

देवाजी म्हणजे मनकर्णाबाईचा नवरा. सात वर्षांपूर्वी तेंदूपत्ता तोडताना वाघाने त्याला पाठीमागून धरलं होतं. कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याच्या नाकावर हाणून देवाजी सुटला, आणि रक्ताचा माग मागे सोडत, रांगत गावाच्या शिवेला लागला. ही गोष्ट त्यानेच शूटिंगवाल्यांना सांगितली होती, वर चहा पाजून. पण पडद्यावरचा देवाजी रांगत येत नाही. चिता पेटते, धुराआड मनकर्णाबाई एकटीच चूल फुंकताना दिसते, दिवे लागतात, आणि बाहेर जायचं दार थेट विक्रीच्या दालनात उघडतं.

उद्घाटनाला नवराबायकोला मागच्या रांगेत बसवलं होतं. चिता पेटली तेव्हा सगळी खोली रडली. देवाजीही रडला.

दुसऱ्या दिवशी तो केंद्राच्या मॅनेजरपुढे, मनिषपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मी तं जित्ता हावो."

"ते मले दिसून राहिलं ना, काका," मनिष म्हणाला. "पण फिल्म पास झाली. अन् खरं सांगू? जित्ता ठेवला तं लोक टाळ्या वाजवतेत अन् गाडीत जाऊन बसतेत. मेला तं मध घेतेत."

त्यानंतर सगळ्या जिप्सी केंद्राच्या आवारातच लावायचा हुकूम निघाला. त्याआधी हरेक गाडी देवाजीच्या दुकानापुढे थांबायची. तो सदरा काढून पाठ दाखवायचा. पाठीवर उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या तळाला पडाव्यात तशा भेगा. लोक बोट लावून पाहायचे, हळहळायचे आणि दोन-दोन चहा प्यायचे. पाच लिटर दूध पुरायचं नाही. आता अर्धा लिटर संध्याकाळी नासत होतं. हा महिना असाच गेला तर दुकान मोडायचं आणि वीटभट्टी गाठायची, असं दोघांचं ठरलं होतं. देवाजीचा डावा खांदा वर जात नव्हता. म्हणजे विटा कोणी वाहायच्या, हे न बोलताच ठरलं होतं.

बाईने डोळे पुसले आणि फळीवरच्या वस्तू एकेक करून बाजूला काढायला सुरुवात केली. चारोळीच्या सगळ्या पुड्या, मधाच्या तिन्ही बाटल्या, लोणच्याची बरणी.

"तिथेच घेणार होते," ती म्हणाली. "पण म्हटलं, घ्यायचं तर तुमच्याच हातचं घ्यावं." मग तिची नजर मनकर्णाबाईच्या कपाळावर गेली. "आणि कुंकू पुसलं नाहीत, फार बरं केलंत. लोकांचं अजिबात ऐकू नका."

मनकर्णाबाईचा हात कपाळाकडे गेला. राखेचं बोट उमटलं.

एवढ्यात बांबूच्या ताटीमागून देवाजी बाहेर आला. एका हातात विसळलेले काचेचे ग्लास, आणि दुसरा हात सदऱ्याच्या गुंड्यांवर. गाडीचा आवाज आला की सात वर्षं तो हात आपोआप तिथे जायचा. पहिली गुंडी निघाली होती, दुसरीही.

"हे कोण?" बाईने विचारलं.

चुलीत ओली काडी चरचरली. फळीवर वर्तमानपत्रात अर्धा बांधलेला माल पडला होता. मनकर्णाबाईने डोक्यावर पदर ओढला.

"भासरे हायेत माहे," ती म्हणाली.

"म्हणजे मोठे दीर," धर्मेंद्रने गाडीतूनच सांगितलं, आणि खाली उतरून तो चाकातली हवा पाहू लागला.

देवाजीचा हात तिसऱ्या गुंडीवर थांबला. मग त्याने सावकाश दुसरी गुंडी लावली, पहिली लावली. गळ्यापर्यंत.

गावातल्या म्हाताऱ्या जात्यावर म्हणतात,

*भासरा बसला वसरी, पदर माहा डोईवरी,*
*बोलू कशी गं बाई, सावली पडते अंगावरी.*

भासऱ्याच्या हाताला हात लागू द्यायचा नाही. काही द्यायचं-घ्यायचं तर खाली ठेवायचं, एकाने बाजूला व्हायचं, मग दुसऱ्याने उचलायचं. देवाजीने ग्लास मनकर्णाबाईच्या हातात दिले नाहीत. तीन हात लांब, जमिनीवर ठेवले आणि मागे सरून उभा राहिला.

बाई त्याच्याकडे वळली. "भावाची फार आठवण येत असेल ना?"

देवाजीने थोडा विचार केला.

"आमचं बोलनं नव्हतं जी," तो म्हणाला.

चाकाशी वाकलेल्या धर्मेंद्रला खोकला आला.

गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली तेव्हा फळी रिकामी झाली होती. 

"भासरा कायले केला?" देवाजी म्हणाला. "लहान दीर केला असता तं काय बिघडलं असतं?"

"लहान दिसता काय तुमी? दात मोजा आधी."

देवाजी हसला. खांदा दुखेपर्यंत हसला. मनकर्णाबाईही तोंडाला पदर लावून हसली. लग्नातही ती एवढी हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रने दोन गाड्या आणल्या. आठवड्याने पाच. केंद्रात रडून झालं की लोकांना बाहेरची खरी विधवा पाहायची असायची. मनकर्णाबाई फार बोलत नसे. मान खाली घालून चहा गाळायची, तेवढं पुरायचं. दूध पुन्हा पाच लिटरवर गेलं. वीटभट्टीचं नाव कोणी काढेना.

चैत्र लागला, डांबर पायाला चिकटू लागलं, तरी देवाजीच्या गळ्याची गुंडी सुटत नव्हती. पाठीच्या भेगांत घाम झोंबायचा. तो ग्लास जमिनीवर ठेवायचा आणि मागे सरायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, "मानूस चांगला होता. पन घाईचा." एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने त्याच्या खांद्यावर, नेमक्या डाव्या खांद्यावर, सांत्वनाचा हात ठेवून दाबला. देवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी लोणचं सगळं संपलं.

घरीही ती ताट मांडून बाजूला होईपर्यंत तो उंबऱ्याबाहेर थांबू लागला.

"आता काय गिऱ्हाईक बसून राहिलं इथं?" एकदा ती म्हणाली.

"सवय मोडली तं उद्या चूक होईल," देवाजी भिंतीकडे पाहत म्हणाला. "तुह्याच हातून होईल."

 त्या रात्री तिनेही आपली खाट दाराच्या दुसऱ्या अंगाला ओढली.

फाटक बंद झाल्यावर एका संध्याकाळी दोघं बोरिंगवर गेले. मनकर्णाबाईने घागरीएवढा पितळी गुंड पाण्याने भरला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वाकली. भरलेला गुंड एकटीने डोक्यावर चढत नाही. उजव्या हाताने उचलून द्यायचं काम वर्षानुवर्षं देवाजीचं. ती वाकलेलीच राहिली. देवाजीने साकोलीकडच्या रस्त्यावर पाहिलं. मग जंगलाकडच्या. कुठेच गाडी नव्हती, माणूस नव्हता. फक्त शेजारची शकुनबाई बांधावरून गवताचा भारा घेऊन येत होती.

"शकुनबाई," देवाजीने हाक मारली, "जरा हात लावा जी इकडे."

"काहून?" शकुनबाई भारा टाकून हसत आली. "तुमच्या हाताले मेंदी लागली काय?"

देवाजीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मनकर्णाबाईने पदर आणखी खाली ओढला, पार नाकापर्यंत.

शकुनबाईने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. तिचं हसू विरून गेलं. काही न विचारता तिने गुंड उचलून दिला, आपला भारा घेतला आणि वाटेला लागली.

मनकर्णाबाई घराकडे चालू लागली. दहा-पंधरा पावलं मागे ठेवून देवाजीही निघाला. पळसाच्या वळणावर ती थांबली. मागे वळली नाही, नुसती थांबली.

मागची पावलंही थांबली.