पुलाच्या पोटातल्या काचा

साइटवर तिला सगळे ताई म्हणत. त्यात माया कमी आणि धास्ती जास्त. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे. ताईंची गाडी आली की सिमेंटसुद्धा लवकर घट्ट होतं, असं गवंडी आपापसांत म्हणत. तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. ती इंजिनिअर होती, आणि तिच्या हवाली होता शहराच्या ऐन मध्यातून, कचेऱ्यांच्या खिडक्यांना खेटून जाणारा जुना उड्डाणपूल. बांधणाऱ्यांनी मनात धरली होती त्याच्या कितीतरी पट वाहनं आता त्यावरून जात. जात कसली, रांगत. म्हणून पुलाला दोन्ही अंगांनी एकेक नवी मार्गिका जोडायची होती, तीही वाहतूक चालू ठेवून.

हा पूल आतून पोकळ होता. माणूस वाकून चालू शकेल असं लांबलचक काँक्रीटचं भुयार. कामगार त्याला पुलाचं पोट म्हणत. तिथे जुन्या भेगा होत्या. भेग वाढते की नाही हे कळायला तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवतात. काच शाबूत तर भेग जागच्या जागी. काच तडकली तर भेग हलली. काचा चिकटवायचं आणि पुसायचं काम तिने आपल्या धाकट्या भावाला दिलं होतं. आई-वडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. आता त्याची तिशी उलटली होती, टक्कल पडायला लागलं होतं, तरी नाव बारक्या ते बारक्याच. डोक्याने जरा संथ, पण हाताने इतका नीटनेटका की त्याने पुसलेला दिवा ओळखू यावा.

ताई फेरीला गेली की काचा चकचकीत आणि शाबूत दिसत. भेगा थांबल्या आहेत असं तिने वर कळवलं. तिच्या शब्दावर नव्या मार्गिकांचं काँक्रीट ओतलं गेलं. आता तो सगळा भार जुन्या पुलाच्या अंगावर लटकत होता.

त्या दिवशी कचेऱ्या सुटायच्या सुमाराला ती हेल्मेटचा दिवा बदलायला भांडारात गेली. भांडारवाला हिशेबापेक्षा गप्पांत रमणारा माणूस.

"ताई, एक विचारू का? रागावू नका. तुमचा भाऊ काचा खातो की काय?"

"म्हणजे?"

"अहो, वर्षभर पुरतील एवढ्या पट्ट्या आणल्या होत्या. कधीच संपल्या. आज सकाळी पुन्हा नवा खोका घेऊन गेला बिचारा."

ताई हसली नाही. शाबूत काचा. रोज नव्या, शाबूत काचा. पावसाळ्याआधी एकदा बारक्याच्या हातून पुसताना पट्टी फुटली होती आणि तिने त्याला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं होतं. 'पुन्हा मला फुटकी काच दिसली तर याद राख,' असं म्हणाली होती. त्याने याद राखली होती.

तिने त्याला फोन लावला. लागला नाही, पुलाच्या पोटात फोन कधीच लागत नसे. मग तिने वाहतूक पोलिसांच्या चौकीला लावला.

"पूल बंद करा. आत्ता."

"कुठल्या बाजूने, मॅडम? साहेबांना विचारून..."

"विचारत काय बसताय! बंद करा म्हणते ना!" आणि तिने फोन कापला. प्रश्न कानावर पडला होता, पण तो आत शिरलाच नाही.

खांबाच्या शिडीवरून पुलाच्या तळाशी असलेल्या झाकणातून ती आत शिरली तेव्हा डोक्यावर नेहमीची धडधड चालू होती. सांध्यांवरून चाकं जात होती, ट्रक गेला की भिंती थरथरत होत्या. इतकी वर्षं त्या आवाजाची तिला सवय होती. आज प्रत्येक धक्क्याला तिचा जीव वर-खाली होत होता. ती वाकून धावत सुटली. गुडघे खरचटले, हेल्मेट छताला आपटलं.

"बारक्या!"

लांबवर दिवा हलला. तो उकिडवा बसून काच चिकटवत होता. तिला पाहताच त्याने चटकन काहीतरी पाठीमागे सरकवलं. तुकडेच असणार.

"बाहेर चल."

"ही एवढी झाली की—"

"बारक्या, काचा फुटत होत्या?"

तो खाली बघत म्हणाला, "मी नाही फोडत, ताई. शप्पथ. नुसत्या असतात तशाच तडकतात. हल्ली तर दिवसातून दोनदोनदा. तू ओरडशील म्हणून लगेच बदलतो."

ती काही बोलणार तोच डोक्यावरची धडधड थांबली.

आधी तिला बरं वाटलं. बंद केला पूल, वाचलो. मग वरून गाड्यांचे हॉर्न ऐकू येऊ लागले. एक, चार, मग सगळेच. आणि तिला उमगलं. पोलिसांनी चढण बंद केली नव्हती. त्यांनी उताराच्या तोंडाशी गाड्या अडवल्या होत्या. मागून गाड्या चढतच होत्या आणि नाकाला नाक लावून त्यांच्या डोक्यावर उभ्या राहत होत्या. धावत्या गाड्यांमध्ये अंतर असतं. उभ्या गाड्यांमध्ये नसतं. एवढं ओझं या पुलाने जन्मात कधी उचललं नव्हतं, आणि ते तिनेच, एक शब्द जास्त बोलायचा कंटाळा करून, त्याच्यावर चढवलं होतं.

समोर, बारक्याच्या दिव्याच्या उजेडात, नुकती लावलेली काच टिक् करून तडकली. पलीकडची तडकली. मग भुयारात पुढे, जिथे उजेड पोचत नव्हता, तिथूनही टिक्, टिक् येऊ लागलं.

बारक्याने नव्या पट्टीकडे हात नेला. तिने त्याची कॉलर धरली आणि ओढत नेला. जीव मुठीत धरून ती दोघं परत धावली. छतातून वाळूसारखी भुकटी मानेवर पडत होती. झाकणापर्यंतची वाट संपता संपेना. शिडीवर पाय ठेवताच तिचा फोन वाजू लागला, चौकीचाच होता.

"मॅडम, कडेकोट बंद केलाय. मुंगी उतरत नाहीये."

या वेळी ती ओरडली नाही. "दादा, नीट ऐका," ती म्हणाली. "उतार मोकळा करा. चढण बंद करा. आधी उतार. मला म्हणून दाखवा."

त्याने म्हणून दाखवलं. थोड्या वेळाने वरच्या गाड्या हलल्या, एकेक करून उतरल्या. शेवटची बस उतरेपर्यंत ती खांबापासून हलली नाही. पूल मधोमध नजरेला दिसेल इतका खाली झुकला होता, पण उभा होता. कचेऱ्यांच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. काय टळलं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बारक्या फुटपाथवर गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. टकलावर, भुवयांवर पांढरी भुकटी. नव्या काचांचा खोका अजून काखेत. ताईला भडभडून आलं. इतक्या वर्षांत नव्हतं आलं तेवढं. ती त्याच्याजवळ वाकली आणि त्याच्या डोक्यावरची भुकटी झाडायला तिने हात उचलला.

बारक्याने डोळे गच्च मिटले, खोका टाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.