शेजारची खुर्ची

विषय : खुर्ची मूळ जागी परत मिळण्याबाबत.
संदर्भ : संख्याशास्त्राच्या बाईंचा अर्ज.

वरील विषयातली खुर्ची ती मीच. अर्ज माझ्याबद्दल असूनही मला कुणी विचारलं नाही, म्हणून इथे बोलतेय.

मी साध्या लाकडाची. सुताराने उरकायचं म्हणून केलेली, एका पायाने किंचित लंगडी. महाविद्यालयात शिक्षकांच्या खोलीत आले तेव्हा बाईंनी मला टेबलासमोर न ठेवता स्वतःच्या शेजारी ठेवलं. "समोर बसवलं की पोरांना आरोपी झाल्यासारखं वाटतं," त्या म्हणायच्या.

कुणी अडलेलं गणित घेऊन आलं, तर बाई ते सोडवून देत नसत. पेन त्याच्याच हातात द्यायच्या. "मी नापास, तू मास्तर. शिकव मला." शिकवता शिकवता तो जिथे अडखळे, तिथेच त्याची गाठ सापडे.

एक मुलगी यायची. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. वडिलांनी बजावलं होतं, यंदा विषय सुटला नाही तर शिक्षण बंद, दुकानात बसायचं. सुरुवातीला ती माझ्या काठावर अशी टेकायची, की जणू मी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. एक दिवस मात्र बाई मुद्दाम चुकीचं मांडत होत्या, तेव्हा तिने त्यांच्या हातातलं पेन ओढलं. "बाई, परत तीच चूक करताय तुम्ही."

"डोकंच नाही गं मला."

ती हसली आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसली.

तेवढ्यात तपासणी समिती येणार असं कळलं. विद्यार्थ्यांना आधार दिल्याचं दाखवायला हवं, म्हणून 'विद्यार्थी आधार कक्ष' निघाला. मुख्य लिपिक भाऊसाहेब मला न्यायला आले.

"एका टेबलाला एक खुर्ची, बाई. ही जादा आहे."

"हिच्यावर मुलं बसतात, भाऊसाहेब."

"मग झालं तर. मुलांसाठीच नेतोय."

माझा पाय दुरुस्त झाला, अंगाला पॉलिश लागलं. समितीने माझ्याकडे पाहून मान डोलावली, फोटो काढले. समिती गेली आणि कक्षाला कुलूप लागलं. मुलं आली की खोली घाण होते म्हणे.

पुढचं मला धूळ झटकणाऱ्या शिपाईमामांकडून कळलं. मुलगी टेबलाशी उभी राहून विचारायची. बाई स्वतःची खुर्ची द्यायच्या. पण बाईंना उभं ठेवून ही कशी बसणार? बाईंनी घरून स्टूल आणलं. 'खाजगी सामान आणू नये' अशी समज मिळाली, स्टूल घरी गेलं. येणारे-जाणारे मुलीला धक्के देत, कागदात डोकावत. "राहू द्या बाई, नंतर येते," म्हणाली. आली नाही.

विषय सुटला नाही. आता ती दुकानात बसते. मामा साबण घ्यायला गेले तेव्हा तिने त्यांना ओळख दिली नाही.

बाईंनी तरीही अर्ज केला. उद्या दुसरं कुणी येईल, त्याला बसायला हवं, एवढंच त्यात आहे. मलाही तेवढंच म्हणायचंय. त्यावर भाऊसाहेबांचा शेरा पडला : 'खुर्चीचा लाभ घेणाऱ्या विद्यार्थ्याची सही जोडावी.'

सही करणारी आता पटावर नाही.

अर्ज प्रलंबित आहे.