पाय फुटलेली शेंग

"गरम डालमा, नरम भात! गाडी सुटेल, धुवा हात!"

बापाचा हा आवाज मकरध्वज साहूच्या कानातून कधी गेला नाही. वैष्णब साहू पितळी बादली घेऊन केतकीपूर जंक्शनच्या फलाटावर असा ओरडत धावायचा, की झोपलेले उतारू आधी हात पुढे करायचे आणि मग डोळे उघडायचे. डाळीत कच्ची केळी, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, वरून जिऱ्यामिरचीची भाजलेली पूड. बाकी सगळ्या ओरिसात डालमा करतात, वैष्णब म्हणायचा, फक्त आमच्यात तो होतो.

म्हातारा गेला आणि पोरांनी वाटणी केली. थोरल्या चक्रधरला फलाट क्रमांक एक मिळाला. तिथे मेल गाड्या थांबतात. धाकट्या मकरध्वजाला क्रमांक दोन. तिथे मालगाड्या थांबतात, आणि शेळ्या. यावरून जे पेटलं त्यात बोलणं तुटलं, हांडी वेगळी झाली आणि अंगणात भिंत उभी राहिली. भिंत मात्र कमरेएवढीच राहिली. त्याहून उंच भांडण दोघांनाही परवडेना.

पुढे धाकट्याने शेळ्यांवर मात केली. एका गाडीचं जेवण मिळवलं, मग दुसऱ्या गाडीचं. दोन फर्म, दोन पाट्या, आडनाव एक. चांगलं चाललं होतं. तोवर पाल आली.

ती चक्रधरच्या डालम्यात आली. ब्रह्मपूरच्या एका निवृत्त मास्तरांच्या ताटात ती उताणी पडलेली होती, आणि मास्तरांनी तिचा चारी बाजूंनी फोटो काढला होता. रेल्वेच्या साहेबांनी चक्रधरला बोलावून फोटो पुढे सरकवला.

"हे काय आहे?"

चक्रधरने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "आज्ञा साहेब, शेवग्याची शेंग."

"शेंगेला पाय असतात?"

"जून झाली की फुटतात, आज्ञा."

हे उत्तर त्याने लेखीही दिलं. सगळं जंक्शन आठवडाभर हसलं. हमाल एकमेकांना विचारू लागले, का रे, तुझी शेंग परवा भिंतीवर चढली होती म्हणे? चक्रधरवर पाच वर्षांची बंदी आली आणि तो दुकानाच्या बंद फळीवर बसून लोकांना तेच सांगत राहिला. शेंग होती. मरेपर्यंत शेंगच म्हणेन.

सगळ्यांत मोठ्याने मकरध्वज हसायचा. पण त्याचं हसू बंदी-हुकमाच्या शेवटच्या ओळीवर आपटलं. बंदी 'सदर ठेकेदार व त्याच्याशी संलग्न सर्व फर्म' यांच्यावर होती. बाप एक, आडनाव एक, अंगण एक, म्हणजे संलग्न. मकरध्वजाला आता केतकीपुरातच नव्हे, रेल्वेच्या कुठल्याही टेंडरात बोली लावता येईना. बावीस आचाऱ्या-वाढप्यांची चूल थंडावली.

तो कटकला गेला आणि गोलख महापात्र वकिलांना धरून हायकोर्टात अर्ज टाकला. वकील पान लावत म्हणाले, "मकरबाबू, खटला सोपा आहे. तुमचा भाऊ तुमचा वैरी आहे एवढं दाखवायचं. मारामारी झालीय?"

"झालीय की. त्याने माझं डोकं फोडलं होतं."

"वा! कधी?"

"मी दुसरीत होतो."

वकिलांनी पान तोंडात कोंबलं. "पोलीस तक्रार?"

"त्याच्या बोकडाने माझ्या तुळशीचौऱ्यातली तुळस खाल्ली तेव्हा करणार होतो. पण बोकड गोड होता हो."

"अहो, तुम्ही वैर करताय की विरंगुळा? घरात लग्नबिग्न? बोलावलं नाही, असं काही?"

"त्याच्या मुलीच्या लग्नात मी नव्हतो."

"छान!"

"म्हणजे मांडवात नव्हतो. मागे हांड्यांपाशी होतो. आचारी नवा होता ना त्यांचा."

महापात्रांनी डोळे मिटून जगन्नाथाचं नाव घेतलं. त्या देवाला हात नाहीत ते बरंच आहे, ते पुटपुटले, असली अशिलं बघून त्याने कपाळच बडवून घेतलं असतं. तरी माणूस हुशार. हायकोर्टात त्यांनी एकच मुद्दा लावून धरला: माझ्या अशिलाचं ऐकून न घेता त्याचा गळा कापला. न्यायमूर्तींना ते पटलं. कोर्टाने मकरध्वजापुरता हुकूम रद्द केला आणि रेल्वेला सांगितलं, आधी याचं ऐका, मग ठरवा. ऐकणार होत्या वाणिज्य अधिकारी अनिमा तिर्की मॅडम. त्यांनी चक्रधरलाही बोलावणं धाडलं.

ही खबर येताच मकरध्वजाची जेवणावरची वासना उडाली. कारण एक गोष्ट त्याने वकिलांनाही सांगितली नव्हती.

पाल निघाली तेव्हा रज सणाचे दिवस होते. त्या तीन दिवसांत धरणीमाता विसावा घेते, बायका झोपाळ्यावर बसतात, आणि चक्रधरचे आचारी तर धरणीच्याही आधी विसाव्याला गावी पळाले होते. तेवढ्यात मेल गाडीच्या जेवणाचा निरोप आला. भिंतीपलीकडून भाउज, म्हणजे थोरल्याची बायको कुमुदिनी, कुणालाच उद्देशून नाही अशा बेताने बोलली होती, "कुणाच्या घरी डालमा जास्त झालाय का कोण जाणे." आणि मकरध्वजाने आपल्या चुलीवरची मोठी हांडी दोन गड्यांकरवी भिंतीवरून पलीकडे दिली होती. पालीसकट.

थोरल्याने "हांडी माझी नव्हती" एवढं म्हटलं असतं तरी तो निम्मा सुटला असता. पण मग कुणाची, हा प्रश्न आला असता. म्हणून शेंगेला पाय फुटले. हे मकरध्वजाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणूनच तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तो भिंतीशी गेला. पलीकडे दोन हातांच्या अंतरावर चक्रधर पाटावर बसून मुरमुरे खात होता. बोलायची रीत ठरलेली होती.

"भाउज, त्यांना सांगा, उद्या माझ्याबद्दल वाईट बोलायचंय."

कुमुदिनीने मान न वळवता नवऱ्याला सांगितलं, "ऐकलंत? वाईट बोलायचंय म्हणे."

"त्याला सांग," चक्रधर मुरमुऱ्यांना म्हणाला, "शिव्या द्यायला मी कुठेही यायला तयार आहे. गाडीभाडंही माझं."

"भाउज, आणि त्या हांडीचं…"

"त्याला सांग, कसली हांडी?"

कुमुदिनीने कमरेवर हात ठेवले. "मी काय टपालखातं आहे? तोंडं दिलीत ना देवाने? पुरुष रुसव्यावर आणि घर माझ्या डोक्यावर!" ती आत निघून गेली. मध्ये माणूस उरलं नाही, म्हणून बोलणंही उरलं नाही. मकरध्वज थोडा वेळ भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिला आणि परतला.

दुसऱ्या दिवशी तिर्की मॅडमच्या खोलीत महापात्र वकील असे बोलले, की ऐकणाऱ्याला वाटावं, या दोन भावांच्या मधून महानदी वाहते. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि चक्रधरकडे वळल्या. "हे तुमचे कोण?"

"हा?" चक्रधर उठून उभा राहिला. "मॅडम, हा बापाच्या नावावरचा डाग. बापाने याला डालमा शिकवला, याने पाण्यात डाळ पोहायला शिकवली! याच्या भातात खडे सोबतीने राहतात. याच्या सावलीतून माझा बोकडसुद्धा जात नाही."

महापात्रांच्या चेहऱ्यावर पानाचा रंग आला. मकरध्वज मान खाली घालून मनात दाद देत होता. नना, म्हणजे थोरला, रंगात आला की असाच. अशा शिव्या त्याने कितीतरी वर्षांत ऐकल्या नव्हत्या, आणि त्याला विचित्र भूक लागली होती.

"ते ठीक," मॅडम म्हणाल्या. "पण माझी अडचण वेगळी आहे. त्या दिवशी तुमचे आचारी सुट्टीवर होते असं वाढप्यानेच सांगितल्याचं मास्तरांच्या तक्रारीत आहे. मग स्वयंपाक कुणी केला? बाहेरून आला असेल तर दोघांची चूल एकच, असं मला धरावं लागेल."

वकिलांनी टेबलाखालून मकरध्वजाच्या पायावर पाय दिला.

चक्रधरने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि घातलाच नाही.

"मीच केला, मॅडम. एकट्याने. घाईत झाकण ठेवलं नाही. आणि ती शेंग नव्हती. पाल होती. माझ्या हांडीत, माझ्या हाताने शिजलेली. लिहून घ्या. माझं अपील आहे वर, तेही मागे घेतो. याला सोडा."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. ज्या म्हाताऱ्याने साऱ्या जंक्शनचं हसू अंगावर घेतलं पण शेंग सोडली नाही, तो आज कुणी न मागता पाल कबूल करत होता. त्यांनी लिहायला घेतलं. "म्हणजे मकरध्वज साहूंचा या प्रकरणाशी संबंध नाही. तसा निकाल देते."

महापात्रांनी पाय उचलला. जिंकलो. बावीस चुली पुन्हा पेटणार होत्या. मकरध्वजाने थोरल्याकडे पाहिलं. चष्म्यावाचून त्याचे डोळे बारीक, ओलसर आणि निरुपयोगी दिसत होते. त्याला समोरचं काही दिसत नसणार. धाकटा भाऊही नाही.

"आता तरी सही करू द्या, मकरबाबू, बसा," वकील कुजबुजले. तो कधी उभा राहिला ते त्यालाही कळलं नव्हतं.

"नना, बस कर," तो थेट थोरल्यालाच म्हणाला. मग टेबलाकडे वळला. "मॅडम, पेन थांबवा. याने त्या दिवशी साधं पाणीसुद्धा तापवलं नव्हतं. हांडी माझ्या चुलीवरची होती. पाल माझी आहे."