बोगनवेलीला तहान हवी

या, बसा. मी बोगनवेल. काट्यांपासून जरा जपून. बाकी मी गप्पिष्ट आहे.

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या दयारामच्या रोपवाटिकेत एका जून फांदीच्या तुकड्यातून मी वाढले. दोन वर्षं दुकानाच्या तोंडाशीच उभी होते, त्यामुळे धंदा ऐकून ऐकून शिकले. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग भाव विचारतं आणि पाणी किती लागेल ते त्याला गाडीत बसल्यावर आठवतं. तुम्ही माझी फुलं म्हणता ती खरं तर रंगीत पानं आहेत. पण गिऱ्हाईक खूश असेल तर वाद कशाला घाला?

मला घेऊन गेली नागावची भार्गवी. घरामागे सुपारीची वाडी, पुढे पर्यटकांसाठी दोन खोल्या. अंगणात तिच्या नवऱ्याने, देवव्रतने, हिरवळ लावली होती. हल्ली पाऊस चार दिवसांत कोसळून मोकळा होतो आणि उन्हाळा मात्र हलत नाही. हिरवळीसाठी रोज उपसा. गेल्या वर्षी एप्रिलात विहिरीचं पाणी मचूळ झालं. हिरवळ करपलीच, वर सुपारीच्या झावळ्याही पिवळ्या पडल्या. तरी देवव्रतला पुन्हा हिरवळच हवी होती. भार्गवीने पुढच्या शिमग्यापर्यंत मुदत मागून घेतली. तोवर कमी पाण्याच्या झाडांनी अंगण सजलं नाही, तर त्याच्या मनासारखं.

माझ्याबरोबर आणलेल्या कोरफडीने, चाफ्याने आपापलं काम चोख केलं. फुलेना ती मीच. पानं मात्र अशी तरारली की देवव्रत म्हणाला, "भार्गवी, ही पालेभाजी जुडीने विकायची का?"

ती हसली, पण लगेच दयारामला फोन गेला. त्याने येऊन मातीत बोट खुपसलं. "वली हाय. पानी कोन घालतंय?"

मला ठाऊक होतं. देवव्रतच्या आई, गोदावरीकाकू, रोज सकाळी तांदळाचं धुवण माझ्या मुळाशी ओतायच्या. सारा जन्म सुपारीला पाणी लावलेला हात, तो स्वस्थ कसा बसेल?

"दारातल्या झाडाला उपाशी ठेवायची आमच्यात रीत नाही," काकू पुढे येऊन म्हणाल्या.

"काकू, पोट भरलं की ही नुसती पानं देते. हिला तहान लागू द्या. मरत न्हाय ती, मी हाय ना."

दयाराम गेल्यावर भार्गवीने सासूबाईंना शांतपणे सांगितलं, की आई, ही फुलली नाही तर पाणी पुन्हा हिरवळीला जाईल आणि वाडी जाईल. काकू आत गेल्या.

धुवण बंद झालं. तीन आठवड्यांत माझी पानं माना टाकू लागली. एका दुपारी काकू भरलेला तांब्या घेऊन आल्या. माझ्याकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या, मग ते पाणी स्वतःच प्यायल्या आणि परत गेल्या.

शिमग्याला चार दिवस असताना मी फुलले; अशी फुलले की कुंपण दिसेना. पर्यटक फोटो काढू लागले. देवव्रतने हिरवळवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. भार्गवीने वर एक शब्द काढला नाही; शहाणी बाई.

आता मे सरत आलाय, विहीर अजून गोड आहे आणि सुपारीला तिचं पाणी मिळतंय. माझी फांदी नेणार असाल तर एवढंच करा: उन्हात लावा आणि रुजली की लाड थांबवा. फारच माया आली, तर शेजारी खुर्ची टाकून बसा. काकू रोज बसतात.